हॉलिसच्या शेतातली वाट

४ ऑक्टोबर, शनिवार

गेटला कुलूप. नवं कोरं, पितळी, माझ्या मुठीएवढं. वर पाटी — खाजगी मालमत्ता, परवानगी मागे घेण्यात आली आहे. मी शेताच्या अलीकडे आणि साडेआठची बस शेताच्या पलीकडे. येताना दिसली, थोडी थांबली, गेली. पिशवी घेऊन तशीच परत आले.

सतरा वर्षं मी हे गेट उघडून पलीकडे जाते. दहा मिनिटांत बसस्टॉप, आणि बसस्टॉपला लागून जीनचं घर. आता डांबरी रस्त्यानं सगळा वळसा घालायचा म्हणजे पाऊण तास. त्या रस्त्याला फुटपाथ नाही, दोन्हीकडून काटेरी झुडपांचं हेज. ट्रॅक्टर आला की अंग चोरून काट्यात शिरायचं. गाडी मला चालवता येत नाही. नवरा होता तोवर अडलं नाही. अजय जाऊन तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून ही वाट म्हणजेच माझी गाडी.

परवानगी मागे घेतली म्हणे! मुळात दिली कुणी होती?

५ ऑक्टोबर

वळसा घालून जीनकडे गेले. बावन्न मिनिटं. एका व्हॅनचा आरसा कोपराला चाटून गेला. मी बोलले नाही, पण तिनं कोपर धरण्यावरून ओळखलं. जीन एकोणनव्वद वर्षांची. या गावातली माझी पहिली मैत्रीण, आणि खरं सांगायचं तर एकुलती एक. बाकीचे ओळखीचे.

“मी एकोणसाठ साली लग्न होऊन इथे आले, सुला,” म्हणाली. “तेव्हापासून त्या वाटेनं जातेय. या हॉलिसच्या आजोबालाही कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?”

शेताचा मालक थोरला हॉलिस दोन वर्षांपूर्वी गेला. हा धाकटा, चाळिशीतला, लंडनहून परत आलेला. शेतात लाकडी खोपटी बांधून वीकएंडच्या पाहुण्यांना भाड्यानं देणार. ग्लॅम्पिंग. म्हणजे पैसे मोजून चिखलात झोपायचं. त्यांच्या खिडकीसमोरून पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या गेल्या तर शोभा जाते.

संध्याकाळी लंडनच्या ईलिंगहून नकुलचा फोन. “आई, बी रीझनेबल. ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट आहे, दारात बस आहे, कोपऱ्यावर मेथी मिळते. तिथे काय ठेवलंय?” म्हटलं, मेथी मी कुंडीत लावते. मागून सियाचा आवाज — “आजी, तुझा वाट कुणी बंद केला?” तिला म्हटलं, एका शहाण्यानं.

६ ऑक्टोबर

नाही जाणार ईलिंगला. लिहून ठेवते, म्हणजे विचार बदलला तर निदान स्वतःची लाज वाटेल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गावच्या हॉलमध्ये मीटिंग. एकशे चाळीस वस्तीच्या गावातली एकसष्ट माणसं आली. इतकी ख्रिसमसच्या चर्चलाही नसतात. पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचा, चेअरमन ग्रॅहम उभा राहिला. पोस्टातून रिटायर झालेला, सावकाश बोलणारा. त्यानं कायदा समजावला. एखाद्या वाटेनं लोक सलग वीस वर्षं गेले — चोरून नाही, जबरदस्तीनं नाही आणि परवानगी मागूनही नाही — तर ती वाट सगळ्यांची होते. जमीन मालकाची राहते, पण चालणं लोकांचं. कुलूप लावता येत नाही. फक्त माणसांनी आपापला फॉर्म भरून सांगायचं, मी अमुक साली चालायला लागलो, इतक्या वेळा गेलो.

काय सुंदर कायदा आहे! नुसतं चालून हक्क मिळतो. मला हा देश अधूनमधून मनापासून आवडतो.

फॉर्म गोळा करायचं काम मी मागून घेतलं. स्लाऊला डॉक्टरांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं रिसेप्शनला होते. लोकांकडून फॉर्म भरून घेणं मला कुणी शिकवायला नको.

१३ ऑक्टोबर

तेवीस फॉर्म आले. शेवटचा घर क्रमांक चारच्या बाईंचा. दारावरच्या विकायच्या अंड्यांच्या पेटीत माझ्यासाठी ठेवलेला, वर सहा अंडी फुकट. आजपर्यंत या बाईंनी मला हवामानापलीकडे एक शब्द दिला नव्हता. आज हाक मारून म्हणाल्या, “गिव्ह हिम हेल, मिसेस जॉग.” जोगळेकर इथे कुणाच्या तोंडात मावत नाही, तो नाद मी कधीच सोडला. पण खूश झाले.

जीनचा फॉर्म तेवढा राहिलाय. नंतर भरते म्हणाली.

१४ ऑक्टोबर

माझा स्वतःचा फॉर्म भरायला बसले. नववा प्रश्न. तुम्ही कधी मालकाकडे परवानगी मागितली होती का?

पेन थांबलं.

मागितली होती. मीच मागितली होती.

दोन हजार आठ साल. गावात येऊन तीन महिने झाले होते. अजय म्हणत होता, चल ना, सगळे जातात. पण दुसऱ्याच्या रानातून न विचारता कसं जायचं? साताऱ्याला आमच्या काकांच्या उसातून असं कुणी गेलं असतं तर काकांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. म्हणून मी सुवाच्य अक्षरात थोरल्या हॉलिसला पत्र लिहिलं. एकटीसाठी मागणं बरं दिसत नाही, म्हणून ‘गावातल्या आम्हा सर्वांच्या वतीनं’ असंही घातलं. गावात तीन महिने, आणि सर्वांच्या वतीनं! त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं — खुशाल जा, माझी परवानगी आहे. मग गेटच्या खांबावर त्यानं एक छोटी पत्र्याची पाटी ठोकली, ही वाट मालकाच्या परवानगीनं. वर्षभरात तिच्यावर आयव्हीची वेल चढली, कुणी वाचलीही नसेल. मला मात्र उपकार वाटले. त्याच दिवाळीपासून दरवर्षी त्याच्या दारात चिवड्याचा डबा. सोबत कार्ड, वाट वापरू दिल्याबद्दल आभार. त्या सवयीत मूळ पत्र विसरूनच गेले.

पायावर धोंडा पाडून घ्यावा तर असा. तोही गावाच्या पायावर.

नववा प्रश्न कोरा ठेवलाय.

१५ ऑक्टोबर

थोरल्यानं पत्र फेकून दिलं असेल. कोण ठेवतं सतरा वर्षं?

१६ ऑक्टोबर

त्यानं ठेवलं होतं. पत्र, आणि सगळी दिवाळीची कार्डंही. धाकट्यानं प्रती काढून नोटीस बोर्डावर लावल्यात, फुलांच्या स्पर्धेच्या शेजारी. आणि कौन्सिलला पाठवल्यात. माझं अक्षर लांबून ओळखू येतं. बोर्डापाशी चौघे उभे होते. मी गेल्यावर दोघे निघून गेले, बाकीचे दोघे फुलांची स्पर्धा वाचायला लागले.

संध्याकाळी हॉलमधल्या मीटिंगला गेले. ग्रॅहमला म्हटलं, मला बोलायचंय. टेबलामागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, पत्र माझंच आहे. आमच्यात दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवण्याआधी विचारतात, म्हणून विचारलं. सभ्यपणे वागले त्याची मी माफी मागणार नाही. पण तुमच्या वतीनं विचारायचा मला अधिकार नव्हता. त्याची मागते.

अंडीवाल्या बाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधलं. ग्रॅहम म्हणाला, “राइट. थँक यू.” एवढंच. कोट घालून घरी आले.

घरी येऊन राग आला, आणि त्यांचा नाही, माझाच. शेहेचाळीस वर्षं या देशात मी विचारतच आलेय. इथे बसू का? खिडकी उघडू का? फोडणीचा वास येतो का? बिल आपलं आपण भरायचं आणि वर थँक यू म्हणायचं. माझ्याच मुलाला शाळेत मराठी बोलू द्याल का हेही विचारलं होतं, नाही म्हणाले तर थँक यू म्हणून आले. कुणी मला विचारायला सांगितलं होतं? कुणी नाही. आपल्याच हौसेनं मान खाली घातली आणि तिला संस्कार म्हटलं.

२० ऑक्टोबर

दिवाळी. चिवडा केला. सवयीनं दोन डबे भरले. एक जीनचा. दुसरा हॉलिसच्या घरचा, तो समोर ठेवून बराच वेळ बघत बसले, मग उघडून स्वतःच खायला सुरुवात केली. शेंगदाणे जरा जळलेत. तरी छान लागला.

२३ ऑक्टोबर

काउंटी कौन्सिलच्या मिस प्राइस आल्या. तिशीच्या असतील. गमबूट घालून आल्या आणि दारात काढून आत आल्या, तिथेच मला आवडल्या. पत्र, कार्डं, सगळं वाचलं. म्हणाल्या, पत्रानंतरची वर्षं गेली, तुमची आणि इतरांचीही. पण खांबावर पाटी लागली ती दोन हजार आठ साली. तर त्याच्या मागची वीस वर्षं मोजू. अठ्ठ्याऐंशी ते दोन हजार आठ. तेव्हा चालणारी माणसं आहेत का?

म्हणजे मी जिथे आले तिथे मोजणी संपते. माझी सतरा वर्षं कुठेच नाहीत. असू देत. वाट मिळाली तर बास.

किती जण लागतील? “सहा तरी हवेत, भक्कम.” सतरा नोव्हेंबरपर्यंत द्यायचे.

तेवीस फॉर्म पसरून बसले. ग्रॅहम पंच्याण्णवला आला, बाद. अंडीवाल्या बाई दोन हजार एक, बाद. शेवटी उरले तीन.

२६ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं मागे गेली. नकुल आणि सिया आले. नकुलला मुद्दाम त्या रस्त्यानं चालत नेलं, बघ म्हटलं मला काय भोगावं लागतं. चूक केली. अर्ध्यावर दुधाचा टँकर आला आणि आम्ही तिघं हेजमध्ये. सियाच्या गालाला ओरखडा. नकुल पांढराफटक पडला. घरी आल्यावर एकदम बोलला.

“ख्रिसमसपर्यंत, आई. त्यानंतर मी ऐकणार नाही. तू त्या रस्त्यावर पडलीस तर मला कळवणार कोण? ती नव्वद वर्षांची जीन?”

त्याचं चुकत नाही. तेच तर वाईट आहे. पोटच्या पोरानं काळजीनं म्हटलेलं तोडता येत नाही. तरी म्हटलं, वाट उघडली तर? म्हणाला, “वाट उघडली तर राहा. आय प्रॉमिस. पण नाही उघडणार.”

ठरलं तर. वाट उघडली तर मी इथे, नाहीतर ईलिंग. अजयचं शेड, माझी कुंडीतली मेथी, सकाळी दारात फिरणारे ते बेशरम फेझंट पक्षी, सगळं एका गेटवर टांगलेलं.

३० ऑक्टोबर

दोन फॉर्म मिळाले. एक पूर्वी चर्चची घंटा वाजवणाऱ्याचा, तो आता लेकीकडे राहतो, दोन बस बदलून गेले. एक शाळेच्या जुन्या बाईंचा, वृद्धाश्रमात. त्यांना आजचा वार आठवत नव्हता, पण अठ्ठ्याऐंशी साली त्या वाटेवर कुठल्या महिन्यात चिखल होता ते सांगितलं. त्यांच्या लेकीनं साक्षीला सही केली. तीन आणि दोन पाच.

सहावी जीन. एकोणसाठपासून रोज. तिच्यासारखा साक्षीदार नाही.

३१ ऑक्टोबर

आज कळलं जीन फॉर्म का भरत नाही ते. तिचं घर हॉलिसचं आहे. नवरा थोरल्याकडे गुरं सांभाळायचा, तेव्हापासून नाममात्र भाड्यानं राहते. इतकी वर्षं तिच्याकडे चहा पिते आणि मी कधी विचारलं नाही. नको तिथे विचारायचं आणि हवं तिथे नाही.

छतातून गळतंय. न्हाणीत बादली लावलीय. तीन आठवडे झाले कळवून, हॉलिसचा माणूस येत नाही. “हॉलिस काही बोलला नाही हं,” जीन म्हणाली. “फक्त विचारून गेला, तुमच्याकडे ते फॉर्म आलेत का.”

मी म्हटलं, भरू नकोस. डोक्यावरचं छप्पर आधी.

“तू मला सांगणार?” म्हणाली. आणि टीव्ही लावला.

३ नोव्हेंबर

हॉलिस स्वतः आला. कोट चांगला, बूट स्वच्छ. चहा दिला, तो काही सुटत नाही हातून. टेबलावर गेटची किल्ली ठेवली. “ही तुमच्यासाठी, मिसेस जोगळेकर.” पूर्ण नाव बरोबर उच्चारलं, घरून सराव करून आला असावा. म्हणाला, तुम्ही आणि तुमचे पाहुणे खुशाल जा. गावात तुम्हीच एक, ज्यांनी माझ्या वडिलांना माणूस समजून विचारलं. बदल्यात काही नको. फक्त दोन ओळी लिहून द्या, की गाव आधीपासून परवानगीनंच चालत होतं.

आधीपासून. मी नव्हते तेव्हापासून. किती गोड बोलतो मेला.

“विचार करा,” म्हणून किल्ली तशीच ठेवून गेला.

केला विचार. खोटं कशाला बोलू, पुष्कळ केला. किल्ली खिशात म्हणजे जीन दहा मिनिटांवर, बस दहा मिनिटांवर, नकुलचं तोंड बंद. मी इथे. बाकीच्यांनी मला त्या दिवशी साधं उत्तरही दिलं नव्हतं, त्यांचं मी काय देणं लागते? हातात धरून बघितली. हलकी होती.

मग वाटलं, उद्या ही किल्ली त्यानं परत मागितली तर? मी देईन. आणि थँक यू म्हणेन.

४ नोव्हेंबर

वळसा घालून हॉलिसच्या घरी गेले, किल्ली दाराच्या फटीतून आत टाकली. चिठ्ठी नाही, कार्ड नाही. परतताना गुडघ्यानं जीव काढला. तरी सगळ्या वाटेनं अजयचं आवडतं गाणं गुणगुणत आले, हेजपलीकडच्या मेंढ्यांनी माना वर करून पाहिलं.

५ नोव्हेंबर

गावाची होळी, बॉनफायर. जाणार नव्हते. ग्रॅहम दारात येऊन म्हणाला, “तुम्ही किल्ली परत केलीत म्हणे.” गावात काही लपत नाही. भाजलेला बटाटा हातात दिला, गरम होता. मग गेले.

९ नोव्हेंबर, रविवार

युद्धातल्या मृतांचा दिवस. स्मारकापाशी सगळे, कोटावर पॉपीचं लाल कागदी फूल. जीन नव्हती. तिच्या काकाचं नाव त्या दगडावर आहे, ती कधी चुकत नाही. चालत गेले. सर्दी झालीय, दोन ब्लँकेटं घेऊन बसली होती, न्हाणीतल्या बादलीत टपटप. सूप करून दिलं. फॉर्मचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही. निघताना म्हणाली, “तुझ्या मागच्या खोलीत हीटर आहे ना?” आहे म्हटलं. माझी काळजी करते, स्वतः गोठतेय.

१३ नोव्हेंबर

मिस प्राइसचा फोन. पाच फॉर्म ठीक आहेत, पण दोघांच्या स्मृतीवर हॉलिसचा वकील बोट ठेवेल. म्हणजे तीन. “आय वुड वरी,” म्हणाल्या. सरळ बोलतात, बरं वाटतं.

१४ नोव्हेंबर

उद्या पाकीट पोस्टात टाकायचं. पाच फॉर्म. हरणार बहुधा.

नकुलनं घर विकणाऱ्या एजंटचा नंबर पाठवला. मी तो सेव्ह केला. इथे लिहिते, कारण इथे तरी खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. केला सेव्ह. मग अजयच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले, त्याच्या हत्यारांवर धूळ बसलीय ती पुसली. रडू आलं. रडले. ईलिंगला गेले तरी पाकीट टाकूनच जाईन. हरले तरी फाईलमध्ये कुठेतरी लिहिलेलं राहील की ही वाट लोकांची होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दहाला ग्रॅहमची गाडी दारात. जीन उतरली. दोन सुटकेसेस, एक किटली, नवऱ्याचा फोटो. फॉर्म माझ्या हातात दिला. एकोणीसशे एकोणसाठ ते कुलूप लागेपर्यंत, रोज. नवव्या प्रश्नापुढे मोठ्या अक्षरात — नाही. खाली सही. घराची किल्ली येताना हॉलिसच्या दारातून आत टाकून आली.

मागची खोली दाखवली तर आत डोकावून म्हणाली, “ही नको, पुढची. तिथून शेत दिसतं.” पुढची माझी आहे. सुटकेस ओढत गेलीसुद्धा. मला विचारलं नाही.